गावच्या टीमचा टी-शर्ट गावच्या दुकानात: ह्यूस्टनमधल्या पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

ऑगस्ट २०२३. शाळा उघडायच्या आधीचे टॅक्स माफीचे तीन दिवस चालू होते आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या एका मोठ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजच्या कपड्यांच्या कोपऱ्यात उभी राहून मी रॅक मोजले. ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीच्या टीमचे, म्हणजे लाँगहॉर्न्सचे, जळक्या नारिंगी रंगाचे चार. कॉलेज स्टेशन गावातल्या टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅगीजचे मरून रंगाचे तीन. शेजारच्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एलएसयूचा, जांभळा-पिवळा एक. आणि ज्या कॉलेजचं स्टेडियम तिथून अर्ध्या तासावर आहे, त्या युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टनचं काय होतं? खालच्या फळीवर, मोज्यांच्या शेजारी, तीन टी-शर्ट. तिन्ही डबल एक्सेल. माझी मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जाणार होती आणि तिला स्मॉल लागतो.

पलीकडच्या भिंतीवर बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवानची रॉकेट्सची, म्हणजे ह्यूस्टनच्या व्यावसायिक टीमची, जर्सी टांगलेली होती. त्या माणसाने रॉकेट्समध्ये यायच्या आधी ह्यूस्टन कॉलेजला सलग तीन वर्षं देशाच्या शेवटच्या चार टीममध्ये, म्हणजे ‘फायनल फोर’मध्ये, नेलं होतं. त्या कॉलेजच्या नावाचा मुलीला होईल असा एक टी-शर्ट मात्र त्या भिंतीवर नव्हता. मला खरंच वाईट वाटलं.

मी कोल्हापूरची. वर्ल्ड कपला आमच्याकडे गल्लोगल्ली अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतात, पण जीव अडकलेला असतो तो पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या आमच्या फुटबॉल टीममध्ये. शाहू स्टेडियमवर पेठेची टीम उतरली की घरात कुणाचं लक्ष लागत नाही. तेव्हा गावची टीम म्हणजे काय, ते मला समजावून सांगावं लागत नाही. इथे आल्यावर सात वर्षं मी एका कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला, स्टॉकचं काम केलं. रॅक का भरतात, का रिकामे राहतात, ते आतून पाहिलं. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. दुकानदाराचा आपल्या कॉलेजवर राग नसतो, त्याच्या कागदावर आपण नसतो. कागदावर कसं यायचं, तेवढंच या लेखात आहे. मी ह्यूस्टनचं सांगते आहे, पण मोठ्या कॉलेजांच्या सावलीत असलेल्या अमेरिकेतल्या कुठल्याही गावाला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी मोजा

“तुमच्याकडे आमच्या कॉलेजचं काहीच नसतं,” असं नुसतं सांगून काही होत नाही. मॅनेजर सॉरी म्हणतो आणि तुमची पाठ वळली की विसरतो. त्याच्या कामात आकड्यांना किंमत आहे, म्हणून आकडे घेऊन जायचं.

साधी वही पुरे. घरापासून पंधरा मैलांच्या आतली पाच-सहा दुकानं निवडा. प्रत्येक दुकानासाठी तारीख, कुठल्या कॉलेजचे किती रॅक, पुरुषांचे-बायकांचे-मुलांचे किती, कुठल्या साइज शिल्लक आणि किंमत, एवढंच लिहा. एकदा मोजून थांबू नका. ऑगस्टच्या सुरुवातीला मोजा, कारण शाळा आणि अमेरिकन फुटबॉलचा माल तेव्हा लागतो. नोव्हेंबरच्या मध्याला मोजा, बास्केटबॉल सुरू झालेलं असतं आणि सणाची खरेदी तोंडावर असते. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोजा. त्याचं कारण पुढे येईल.

सगळ्यात जास्त लक्ष साइजकडे द्या. रॅक रिकामा दिसला की लोक लगेच म्हणतात, दुकानाला आपली पर्वा नाही. पण रिकाम्या रॅकचेही प्रकार असतात. फक्त डबल एक्सेल उरलेत, किंमत पूर्ण आहे, क्लिअरन्सचा स्टिकर नाही, याचा अर्थ माल आला होता, मधल्या साइज पटापट गेल्या आणि पुन्हा कुणी मागवलं नाही. हा रॅक तुमच्या बाजूचा पुरावा आहे. उलट स्मॉलपासून सगळ्या साइज जशाच्या तशा, खांद्यावर धूळ आणि टॅगवर दोनदा किंमत उतरवलेली, असं असेल तर माल आला आणि कुणी घेतला नाही. अशा दुकानात जाऊन “जास्त मागवा” म्हणालात तर मॅनेजर संगणकाचा पडदा तुमच्याकडे फिरवेल. तिथे आधी खरेदी वाढवायला हवी, मागणी नंतर.

कपडा कसला आहे तेही पाहा. मी पाहिलेल्या अर्ध्याअधिक टी-शर्टवर राखाडी कापडावर छातीशी रुपयाएवढा लोगो होता. ह्यूस्टनचे रंग स्कार्लेट लाल आणि पांढरा. स्टेडियममध्ये लाल घालून जायचं असतं. राखाडी खपला नाही, की दुकान समजतं कॉलेज खपत नाही. वहीत रंगही लिहा.

माल रॅकवर येतो कसा

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण तो कळला नाही तर चुकीच्या माणसापुढे बोलत राहाल.

कॉलेजचं नाव, लोगो, मॅस्कॉट हे कॉलेजचे ट्रेडमार्क असतात. ते छापण्याचा परवाना कॉलेज कपडे बनवणाऱ्या कंपन्यांना देतं. अनेक मोठ्या कॉलेजांसाठी हे काम एजन्सी पाहतात. त्यातली सगळ्यात जुनी आणि मोठी म्हणजे कॉलेजिएट लायसन्सिंग कंपनी. टेनेसीचे माजी फुटबॉल प्रशिक्षक बिल बॅटल यांनी १९८१ मध्ये ती सुरू केली आणि अलाबामा हे तिचं पहिलं कॉलेज. कंपनी जो कपडा बनवते, त्याच्या घाऊक किमतीवर कॉलेजला रॉयल्टी मिळते. हिशेबासाठी धरून चाला, टी-शर्ट दुकानात ३० डॉलरला, दुकानाने घेतला १५ ला आणि रॉयल्टी १२ टक्के. म्हणजे कॉलेजला एका टी-शर्टमागे १ डॉलर ८० सेंट. खऱ्या मालाच्या टॅगवर किंवा लेबलवर अधिकृत परवान्याची खूण असते. बऱ्याचदा ती चकाकणारी होलोग्रामची चिकटपट्टी असते.

आता महत्त्वाचं. हा परवाना बनवणाऱ्याला लागतो, विकणाऱ्याला नाही. परवानाधारक कंपनीकडून घेतलेला माल कुठलंही दुकान विकू शकतं. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराला वाटत असतं की कॉलेजची परवानगी काढावी लागेल, वकील लागेल. तसं काही नाही. त्याला फक्त परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडे खातं उघडायचं असतं आणि कमीत कमी ऑर्डर भरायची असते. ही एक गोष्ट सांगितल्यावर दोन दुकानदारांचे चेहरे बदललेले मी पाहिले आहेत.

दुकानांचेही प्रकार आहेत. देशभर पसरलेल्या साखळीत कपडे निवडणारा बायर दुसऱ्याच राज्यात बसलेला असतो. कुठल्या दुकानात कुठल्या कॉलेजचे किती नग जायचे, ते गेल्या वर्षीच्या विक्रीवरून ठरतं. गेल्या वर्षी तीनच नग आले तर तीनच विकले जाणार, आणि तीनच विकले म्हणून यंदा पुन्हा तीन. हे चक्र आपोआप तुटत नाही. टेक्सासपुरत्या साखळीत बायर जवळचा असतो, त्याला ह्यूस्टन माहीत असतं, तिथे बोलण्याला जास्त वजन येतं. किराणा-भाजीच्या मोठ्या दुकानांतही दाराशी टीमचे कपडे असतात आणि तिथल्या मॅनेजरला थोडीफार मोकळीक असते. मालकाच्या स्वतःच्या दुकानात तर मालक समोरच उभा असतो.

आणि वेळ. ऑगस्टमध्ये रॅकवर दिसणारा माल आधीच्या हिवाळ्यात ठरलेला असतो. मी होते त्या दुकानात पावसाळी जॅकेट विकत असताना पुढच्या थंडीचे हूडी ठरत असत. म्हणून सप्टेंबरमध्ये पहिल्या मॅचच्या दिवशी तक्रार करून त्या हंगामात काही मिळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात बोललेलं पुढच्या ऑगस्टला उगवतं.

ह्यूस्टनच्या वाट्यालाच हे का

मॅनेजरशी बोलायच्या आधी हा इतिहास माहीत असू द्या, कारण तो हमखास म्हणेल, “इथे लोक लाँगहॉर्न्सच मागतात.”

ते खोटं नाही. ऑस्टिन इथून एकशे साठ मैलांवर आणि कॉलेज स्टेशन शंभरच्या आतबाहेर. दोन्हीकडून शिकलेली माणसं नोकरीसाठी ह्यूस्टनला येतात आणि आपले रंग घेऊन येतात. शिवाय अ‍ॅस्ट्रोज, टेक्सन्स, रॉकेट्स अशा तीन व्यावसायिक टीम याच भिंतीवर जागा मागतात. युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टन १९२७ मध्ये सुरू झाली ती गावातल्याच मुलांसाठी. अजूनही कितीतरी मुलं घरून, नोकरी सांभाळून शिकतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसारखी ती मॅचच्या आठवडाभर आधी रंग घालून गावभर फिरत नाहीत.

त्यात मैदानाबाहेरचा फटका बसला. १९८२, ८३, ८४ ही ओलाजुवानच्या काळातली फायनल फोरची वर्षं, त्यातली पहिली दोन क्लाइड ड्रेक्सलरसोबतची, तेव्हा बास्केटबॉल टीमला ‘फाय स्लामा जामा’ म्हणत. ८३ ची फायनल नॉर्थ कॅरोलिना स्टेटने शेवटच्या क्षणी ५४-५२ ने नेली, ८४ ची जॉर्जटाउनने. पुढे १९९६ मध्ये जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, मोडली. टेक्सास, अ‍ॅगीज, टेक्सास टेक आणि बेलर नव्या बिग ट्वेल्व्हमध्ये गेले आणि ह्यूस्टन बाहेर राहिलं. तब्बल सत्तावीस वर्षं. मोठ्या कॉन्फरन्समध्ये नसलेल्या टीमच्या मॅच टीव्हीवर कमी, आणि टीव्हीवर कमी म्हणजे दुकानात कमी. १ जुलै २०२३ ला ह्यूस्टन बिग ट्वेल्व्हमध्ये आलं, पण दुकानांचे जुने आकडे त्या सत्तावीस वर्षांचेच होते. माझा मोज्यांशेजारचा रॅक त्याच ऑगस्टमधला.

पुढे काय झालं तेही मॅनेजरला सांगण्यासारखं आहे. पहिल्याच हंगामात प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांच्या टीमने बिग ट्वेल्व्हची बास्केटबॉल लीग जिंकली. एप्रिल २०२५ मध्ये देशाच्या स्पर्धेच्या सेमी फायनलला चौदा गुणांनी मागे पडून ड्यूकला ७०-६७ ने हरवलं आणि दोन दिवसांनी सॅन अँटोनियोत फ्लोरिडाकडून फायनल अवघ्या दोन गुणांनी गमावली, ६५-६३. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

मॅनेजरशी बोलणं

शनिवारी जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा. कॅशवरच्या पोरासमोर बोलून उपयोग नाही. त्या विभागाचा लीड किंवा स्टोअर मॅनेजर मागा आणि पाच मिनिटं मागा, जास्त नको.

माझं पहिलं बोलणं फसलं. मी चिडूनच गेले होते. दुसऱ्यांदा नोव्हेंबरात वही घेऊन गेले, तेव्हा संभाषण साधारण असं झालं, अर्थात इंग्रजीत.

“ऑगस्टपासून मी तुमच्या इथे तीनदा मोजलं. ह्यूस्टनचे स्मॉल आणि मीडियम तिन्ही वेळा शून्य. हे बघा.”

त्याने वही हातात घेतली. “आम्हाला वरून जे येतं तेच लावतो.”

“ते माहीत आहे मला, मी सात वर्षं स्टॉकमध्ये होते. तुमच्या स्कॅनरवर जवळच्या कुठल्या दुकानात हा माल दिसतो का बघाल? आणि बायरला विनंती पाठवायची सोय आहे का?”

इथे तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. त्याच्या हातातल्या स्कॅनरवर दिसलं की कॅम्पसजवळच्या शाखेत स्मॉलचे अकरा नग पडून आहेत. चार त्याने मागवून घेतले. रॅक मोज्यांजवळून उचलून डोळ्यांच्या उंचीवर आणणं तर त्याच्याच हातात होतं, ते त्याने त्याच दिवशी केलं.

म्हणून मागताना मॅनेजरला जमेल तेच मागा. दुसऱ्या शाखेतून माल हलवणं, जागा बदलणं, मॅचच्या आठवड्यात दाराशी एक छोटं टेबल लावणं आणि बायरकडे लेखी विनंती पाठवणं त्याला जमतं. नवीन ब्रँड आणणं, किंमत कमी करणं किंवा लाँगहॉर्न्सचा रॅक काढणं जमत नाही. तो रॅक काढा असं तर म्हणूच नका. त्यांचा खप त्यांनी कमावला आहे.

नाव आणि तारीख वहीत लिहा. तीन आठवड्यांनी पुन्हा जा, हसून विचारा. मॅनेजर बदलला असेल तर चिडू नका, पहिल्यापासून सांगा. या धंद्यात माणसं फार बदलतात.

चाळीस नावं

एका बाईने येऊन सांगितलं तर ती आवड ठरते. चाळीस जणांची यादी आली की दुकान तिला धंदा म्हणतं.

यादी कशी करायची? नाव, साइज, काय हवं, किती किमतीपर्यंत घेणार. बस. फोन नंबर, पत्ते काही नको, दुकानाला ते द्यायचेही नाहीत. मी आमच्या ओळखीच्या मराठी घरांपासून सुरुवात केली. गणपतीच्या आरतीला जमलो होतो तेव्हाच कागद फिरवला. कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला, कुणाची सून एमबीए केलेली, कुणी स्वतः तीस वर्षांपूर्वी तिथून मास्टर्स करून गेलेलं. एका कागदावर सतरा नावं झाली. त्यात अकरा स्मॉल आणि मीडियम, आणि सहा लहान मुलांचे. हा तपशील सोन्यासारखा होता. दुकानात येणारा माल एक्सेलच्या पुढचा आणि मागणारे आपल्या अंगकाठीचे. आशियाई आणि हिस्पॅनिक घरांतली मुलं या कॉलेजात मोठ्या संख्येने आहेत, आणि नेमक्या त्यांच्याच साइज रॅकवर कमी पडत होत्या.

बाकीची नावं मुलीने वर्गातून आणली. तुम्हाला शक्य असेल तर माजी विद्यार्थी संघटनेलाही गाठा. कॉलेजचं ट्रेडमार्क आणि लायसन्सिंग पाहणारं ऑफिस असतं, त्यांना एक ईमेल टाका: “अमुक भागातल्या अमुक दुकानाला माल हवा आहे, परवानाधारक घाऊक विक्रेत्यांची यादी मिळेल का?” त्यांचाही यात फायदा आहे, म्हणून असा ईमेल वाया जात नाही. खेळ विभागाचे मार्केटिंगवाले दुकानाला वेळापत्रकाचं पोस्टर देऊ शकतात. मालकाच्या छोट्या दुकानासाठी काचेवरचं ते पोस्टर मोठी गोष्ट असते.

छोट्या दुकानदाराकडे यादी नेताना एक शब्द द्यावा लागतो आणि तो पाळावा लागतो. तो स्वतःचे पैसे घालून दोन डझन मागवणार. माल आला त्या आठवड्यात तुमच्या लोकांनी जाऊन उचलला पाहिजे. आमच्या यादीतले पाच जण गेले नाहीत. ते पाच नग मीच घेतले आणि वाढदिवसांना दिले. त्या दुकानदाराने पुन्हा मागवले, ते त्यामुळेच.

खरेदी अशी करा की मोजली जाईल

त्याच दुकानात जाऊन घ्या. ऑनलाइन घेऊन दुकानातून उचलायची सोय असेल तर आधी मॅनेजरला विचारा की ती विक्री कुणाच्या खात्यात जाते. काही ठिकाणी दुकानाच्या, काही ठिकाणी नाही. दुकानाचं मेंबरशिप असेल तर नंबर द्या, म्हणजे तुमचा पिनकोड त्या विक्रीला चिकटतो.

माल लागल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत घ्या. मी काम करत होते त्या दुकानात दर सोमवारी पहिला प्रश्न असायचा, आलेल्यापैकी किती टक्के गेलं. सेलची वाट पाहत थांबलात तर बायरच्या नोंदीत एवढंच उरतं की हा माल किंमत उतरवल्याशिवाय जात नाही. मला ठाऊक आहे, आपल्याला पूर्ण किमतीला कपडा घेणं जिवावर येतं. मलाही येतं. म्हणून ऑगस्टचे टॅक्स माफीचे दिवस गाठा. शंभर डॉलरच्या आतल्या बहुतेक कपड्यांवर तेव्हा सेल्स टॅक्स लागत नाही. ह्यूस्टनमध्ये तो सव्वाआठ टक्के आहे. तुमचे पैसे वाचतात आणि दुकानाच्या खात्यात विक्री पूर्ण किमतीलाच पडते.

परत करू नका. घ्यायच्या आधी घालून बघा. परत आलेला नग विक्रीतून वजा होतो.

आणि विकत घेतलेलं अंगावर दिसू द्या. ह्यूस्टनवाल्यांचा शुक्रवारी लाल घालायचा रिवाज आहे. त्या दिवशी लाल टी-शर्ट घालून त्याच दुकानात दूध आणायला गेलात तरी चार डोळे बघतात. आमच्या दुकानातल्या कॅशवरच्या मुलीने एकदा माझ्या मुलीच्या टी-शर्टवरची हाताच्या पंजाची खूण पाहून विचारलं, हे अंगठीचं बोट का दुमडलंय? मुलीने तिला तिथेच गोष्ट सांगितली. १९५३ मध्ये टेक्सासविरुद्धच्या फुटबॉल मॅचला नेताना कॉलेजचा मॅस्कॉट असलेल्या शास्ता नावाच्या कूगरचा, म्हणजे पुमाचा, पंजा पिंजऱ्याच्या दारात सापडून एक बोट तुटलं. टेक्सासच्या पोरांनी बोट दुमडून चिडवलं, मॅचही २८-७ ने गेली. ह्यूस्टनच्या मुलांनी तीच खूण उचलली आणि आपली केली. १९७६ मध्ये ऑस्टिनला जाऊन ३०-० ने हरवेपर्यंत ती जपली, आणि नंतरही. कॅशवरच्या मुलीने बिल करता करता बोट दुमडून पाहिलं.

स्वतः छापू नका

यादी झाली की कुणीतरी म्हणतंच, “एवढे चाळीस जण आहेत, आपणच छापून घेऊ की, स्वस्तात पडेल.” नको. लोगो वापरला तर सरळ ट्रेडमार्कचा भंग होतो. “लोगो नाही, नाव नाही, नुसता रंग आणि स्कोअर टाकू,” हेही चालेलच असं नाही. टेक्सास ज्या पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाखाली येतं, त्याच कोर्टाने २००८ मध्ये स्मॅक अ‍ॅपरल या कंपनीविरुद्ध एलएसयू आणि आणखी तीन कॉलेजांच्या बाजूने निकाल दिला. त्या टी-शर्टवर कॉलेजचा लोगो नव्हता. रंग आणि मॅचचे उल्लेख मिळून कॉलेज ओळखू येतं, तेवढं पुरलं. मंडळाच्या सहलीला साधे लाल टी-शर्ट घाला, त्याला कुणाची हरकत नाही.

भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक, आणि हे मी काळजीने सांगते. एफ-१ व्हिसावर असताना टी-शर्ट छापून विकणं, मग ते मित्रांनाच का असेना, परवानगीशिवायचं काम ठरू शकतं. दोनशे डॉलरच्या फायद्यासाठी व्हिसा धोक्यात घालू नका. काहीही विकायचं मनात आलं तर आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. यादी करणं, दुकानाशी बोलणं, विकत घेणं यात कसलीच अडचण नाही.

पार्किंगमध्ये दहा डॉलरला मिळणारा टी-शर्टही घेऊ नका. तीन धुण्यांत लोगोला भेगा पडतात, ते सोडा. कॉलेजला त्यातून काही जात नाही आणि दुकानाच्या आकड्यातही तो येत नाही. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात. त्यामुळे नावाची जर्सी अधिकृत असेल तर त्यातला वाटा खेळाडूला मिळण्याची सोय असते, नकली जर्सीतून त्याला काहीच मिळत नाही.

मार्च

वर सांगितलं की मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोजा. वर्षभराचा नियम, की आधी ठरलेलाच माल येणार, तो मार्चमध्ये, कॉलेज बास्केटबॉलची देशपातळीवरची स्पर्धा आली की, शिथिल होतो. टीम मोठी मॅच जिंकली की कंपन्या रातोरात छापतात आणि दुकानं दोन-तीन दिवसांत मागवतात. याला धंद्यात हॉट मार्केट म्हणतात. या वेळी मॅनेजरचं मत विचारलं जातं, कारण वरच्यांना घाईत ठरवायचं असतं की कुठल्या शाखेत किती पाठवायचे.

म्हणून स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, त्याच्या हातात वेळ असताना, जाऊन सांगा: “हे पुढे गेले तर आमच्याकडून एवढे नग नक्की, या साइज.” कागद द्या. फायनलच्या दिवशी जाऊन उपयोग नाही. २०२५ ला ड्यूकची मॅच जिंकल्यावर रविवारी सकाळी मी एका दुसऱ्या दुकानात गेले, जिथे मी कधीच बोलले नव्हते. फायनल फोरच्या टी-शर्टचं खोकं सकाळी फोडलं होतं आणि साडेदहाला त्यात दोन उरले होते. पुन्हा डबल एक्सेल. आमच्या नेहमीच्या मॅनेजरने मात्र शुक्रवारीच आकडा वाढवून दिला होता. त्याच्याकडे दुपारीही मीडियम होते.

रॅक आल्यावर

आमच्या दुकानात ऑगस्ट २०२४ ला पहिल्यांदा ह्यूस्टनचा पूर्ण रॅक लागला. एक रॅक, चार नाहीत. बायकांचे स्मॉल होते, मुलांचे होते, आणि लाल होते. मॅनेजरने मला तो दाखवायला मोज्यांकडून वळवून नेलं. मी त्याचे आभार मानले आणि त्याच्या वरिष्ठांना त्याचं नाव घालून दोन ओळींचा ईमेल लिहिला. हा ईमेल जरूर लिहा. तक्रारी सगळे लिहितात, असा ईमेल त्याच्या फाइलला लागतो.

वही मात्र बंद करू नका. रॅक आल्यावरच तिचं खरं काम असतं. पुढचे दोन महिने दर आठवड्याला पाच मिनिटं जाऊन साइज मोजल्या तर डिसेंबरात सांगता येतं की स्मॉल अकराव्या दिवशी संपले आणि एक्सेल अजून आहेत. त्यावर पुढच्या वर्षीची वाटणी बदलते. आमच्याकडे गेल्या खेपेला लहान मुलांचे सहा महिन्यांच्या बाळाच्या साइजपासून सगळे गेले आणि हूडी पडून राहिले. ह्यूस्टनच्या उन्हात सप्टेंबरला हूडी कोण घेणार? तेही मी लिहून दिलं: हूडी नोव्हेंबरला पाठवा, ऑगस्टला बिनबाह्यांचे.

मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा ती मैत्रिणीला घेऊन दुकानात गेली आणि तिथूनच फोन केला, “आई, स्मॉल संपलेत.” मी वही काढली, तारीख घातली आणि तिला सांगितलं, मीडियम किती आहेत तेवढं मोजून सांग.